एआयला ऑफिसचं एकच काम नीट कसं सोपवावं: पहिल्यांदा वापरणाऱ्यांसाठी

फोर्टमधलं क्लिअरिंग एजंटचं ऑफिस असो, मशीद बंदरची पेढी असो की मुलुंडच्या सोसायटीचं कार्यालय, लिखापढी सगळीकडे सारखीच साचते. पत्रं, नोटिसा, तक्ते, मेलना उत्तरं. चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट, क्लॉड या एआय साधनांपैकी एखाद्याकडे यातला बराच भाग सोपवता येतो. नवख्या माणसाचं घोडं अडतं ते पहिल्याच दिवशी, कारण तो सगळं गाठोडं एकदम पुढ्यात टाकतो: ‘आमच्या वार्षिक सभेचं सगळं बघ.’ उत्तर सुबक येतं, लांबलचक येतं, आणि त्यात चूक कुठे दडली आहे हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

म्हणून इथे फक्त एका वेळी एक काम सोपवण्याची पद्धत सांगितली आहे. एक काम म्हणजे ज्याचा सगळा कच्चा माल तुमच्या हातात आहे, जे कुठे संपतं हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ज्याचं उत्तर तुम्ही स्वतः तपासू शकता असं काम. नोटीस तयार करणं हे एक काम. नोटीस तयार करून तिची तारीख ठरवणं, कोणता नियम लागू होतो ते शोधणं आणि सभासदांची यादी लावणं ही चार कामं आहेत.

एक गोष्ट मनात पक्की बसवा. ही साधनं मागचा मजकूर बघून पुढे कोणता शब्द शोभेल ते ठरवत जातात. माहिती असली तरी वाक्य सफाईदार येतं, नसली तरी तितकंच सफाईदार येतं. माणूस अडखळला की आपल्याला शंका येते. इथे तो इशारा मिळत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका अडचणीभोवती रचलेल्या आहेत.

आधी हाताशी काय हवं

• ऑफिसने मान्य केलेलं खातं. स्वतःच्या मोबाइलवरचं फुकट खातं ऑफिसच्या कागदांसाठी वापरू नका. साहेबांना किंवा सेक्रेटरींना विचारा आणि उत्तर मेलवर लेखी घ्या.
• कामाचा मूळ कागद, ज्यातला मजकूर माउसने निवडता येतो असा.
• संगणकावर युनिकोड मराठी कीबोर्ड (युनिकोड म्हणजे ज्यात मराठी कुठल्याही संगणकावर मराठीच दिसते ती अक्षरपद्धत).
• याच प्रकारचा जुना, मंजूर झालेला एक नमुना: मागचं पत्र, मागचं इतिवृत्त.
• नोटपॅडसारखा साधा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम. वर्डमधून थेट चिकटवलं की तक्त्यांची सरमिसळ होते.
• मूळ कागदाची छापील प्रत आणि पेन. तपासणी पडद्यावर दोन खिडक्या उघडून करण्यापेक्षा कागदावर खुणा करत जास्त अचूक होते.

१. काम निवडा, पण तपासणीचा वेळ मोजून

निवडीचा निकष एकच ठेवा: उत्तर तपासायला लागणारा वेळ ते काम स्वतः करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा बराच कमी आहे का? बारा मेलमधून गाडी नंबर, एलआर (लॉरी रिसीट) नंबर आणि माल पोहोचल्याची तारीख काढून तक्ता करायला हाताने पाऊण तास जातो. तोच तक्ता मेलशी ताडून बघायला दहा मिनिटं पुरतात. हे सोपवण्याजोगं काम. रागावलेल्या ग्राहकाला सभ्य उत्तर, इंग्रजी परिपत्रकाचा साध्या मराठीत मसुदा, लांब मेलचा पाच ओळींत गोषवारा, एक्सेलचा एखादा फॉर्म्युला, विस्कळीत टिपणांवरून इतिवृत्त, ही सगळी याच जातीची.

उलट, ‘या थकबाकीदारावर कोणत्या कलमाखाली कारवाई करता येईल?’ हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात आणि उत्तराची खातरजमा करायला वकीलच लागतो. ‘या तिघांपैकी कोणत्या कंत्राटदाराला काम द्यावं?’ हेही तसंच. एआयने कोणाचंही काम पाहिलेलं नाही, तरी तो छान कारणं देऊन एकाचं नाव पुढे करील.

काही कामं मधली असतात. ऐंशी पानांच्या निविदेचा सारांश मागितला तर तो बरोबर आहे की नाही हे कळायला ऐंशी पानं वाचावीच लागतात. तेच काम लहान करा: ‘पात्रतेच्या अटी तेवढ्या काढ. प्रत्येक अटीपुढे कलम क्रमांक आणि पान क्रमांक दे.’ आता प्रत्येक ओळ त्या त्या पानावर जाऊन तपासता येते. दुसऱ्या वेळी अनामत रक्कम आणि मुदतीच्या तारखा, तिसऱ्या वेळी दंडाच्या अटी. तीन फेऱ्या झाल्या तरी एकूण वेळ कमीच लागतो. मात्र राहून गेलेली अट अशा तपासणीत सापडत नाही, म्हणून अनुक्रमणिका स्वतः एकदा चाळा.

२. काय द्यायचं नाही ते आधी बाजूला काढा

आधार, पॅन, बँक खातं, मोबाइल नंबर, पगाराचे आकडे, वैद्यकीय कागद, ग्राहकाला दिलेले दर, पासवर्ड आणि ओटीपी यातलं काहीही चॅटमध्ये जाता कामा नये. ही काळजी आता केवळ शिष्टाचाराची राहिलेली नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि लोकांच्या माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या संगणकांवर आणि उपकरणांवर अशी साधनं टाळायला सांगितलं होतं. तुमच्याकडे सरकारी खात्याचं किंवा बँकेचं काम येत असेल तर त्यांच्या करारात याबद्दल काही अट आहे का, ते आधी पाहा.

नावं वगळली तरी बहुतेक कामं होतात. नोटपॅडमध्ये ‘शोधा आणि बदला’ वापरून नावांच्या जागी ‘सभासद-१’, ‘सभासद-२’, ‘पुरवठादार-क’ असं घाला. कोण म्हणजे कोण ही यादी वहीत ठेवा, चॅटमध्ये नको. उत्तर आलं की उलट बदल करा. इथे एक बारीकशी अडचण येते: ‘सभासद-१’ बदलताना ‘सभासद-११’ सुद्धा बदलतो. त्यासाठी सुरुवातीपासून ‘सभासद-०१’ असे दोन आकडे ठेवा.

आणि न दिसणारी माहिती तपासा, कारण गळती बहुधा तिथूनच होते:

• एक्सेलची पूर्ण फाइल चढवली की लपवलेले स्तंभ आणि मागची पानंही जातात. पगाराचं पान मागे लपवलेलं असतं आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. हवा तेवढाच भाग नव्या फाइलमध्ये ‘फक्त मूल्यं’ म्हणून चिकटवा.
• मेलच्या तळाशी सहीसोबत मोबाइल नंबर असतात.
• संगणकावरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या स्क्रीनशॉटमध्ये डाव्या बाजूला इतर लोकांची नावं आणि निरोप दिसतात.

साधनाच्या सेटिंगमध्ये ‘माझा मजकूर मॉडेल सुधारायला वापरावा’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो बंद करा. पण तो बंद केला म्हणून वरची यादी शिथिल होत नाही.

३. कच्चा माल साफ करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ‘एआयला मराठी येत नाही’ अशा निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं.

मुंबईतल्या जुन्या कार्यालयांत, छापखान्यांत आणि सोसायट्यांत मराठी मजकूर अजूनही श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडलेला असतो. पडद्यावर तो देवनागरी दिसतो, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. तसा मजकूर चॅटमध्ये चिकटवला की एआयला नुसती अगम्य अक्षरं मिळतात, आणि तो अंदाजाने काहीतरी रचतो. ओळखायची खूण सोपी: मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर आधी फॉन्ट परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं व रफार डोळ्यांनी तपासा.

स्कॅन केलेल्या पीडीएफमधला मजकूर निवडता येत नसेल तर तो फोटो आहे. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल ठेवून गूगल डॉक्सने उघडली की त्यातला मजकूर वेगळा होतो. मराठीही निघतं, पण शिक्का आणि सही जिथे अक्षरांवर आली आहे तिथे चुका होतात. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक यांची अदलाबदल तर ठरलेलीच.

तारखा स्वतः लिहून काढा. ०४/०७ म्हणजे आपल्याकडे ४ जुलै. अमेरिकन पद्धतीत ७ एप्रिल. मेल परदेशी कंपनीचा असेल तर कोणती पद्धत आहे ते एआयला कळण्याची खात्री नाही. ‘४ जुलै’ असं अक्षरात करून द्या. मेलची साखळी देताना क्रमही सुलटा करा: बहुतेक साखळ्यांत नवा मेल वर असतो, त्यामुळे आधीचा दर नंतरचा समजला जातो.

४. सूचना लिहा

कामावर नव्याने लागलेल्या हुशार पोराला जसं सांगाल तसं सांगा. त्याला ऑफिसची काहीच माहिती नाही, विचारायची भीड आहे आणि मोकळी जागा दिसली की ती भरून टाकायची सवय आहे. सूचनेत या गोष्टी याव्यात: काय करायचं, कोणासाठी, कोणत्या मालावरून, कोणत्या आकारात, काय करायचं नाही, आणि माहिती नसेल तिथे काय लिहायचं. शेवटच्या दोन गोष्टी लोक गाळतात, आणि नेमक्या त्याच सगळ्यात जास्त उपयोगाच्या असतात.

सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्ताचं उदाहरण घ्या. ‘या टिपणांवरून मिनिट्स बनव’ एवढंच लिहिलं तर जवळपास प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’ येईल, कारण इतिवृत्तांत तसं लिहिण्याची रीत आहे. सूचक आणि अनुमोदक म्हणून कधी हजर नसलेल्यांची नावंही येतील. अशा इतिवृत्तावर सही झाली तर पुढे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार जायला वेळ लागत नाही. म्हणून असं लिहा:

‘खाली गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेची कच्ची टिपणं आहेत. फक्त यांवरूनच मराठीत इतिवृत्ताचा मसुदा तयार कर. वाचणारे संस्थेचे सभासद आहेत, त्यांत बरेच ज्येष्ठ नागरिक आहेत. वाक्यं लहान ठेव. प्रत्येक विषयाला क्रमांक, त्याखाली चर्चा दोन-तीन वाक्यांत, आणि वेगळ्या ओळीत ठराव. “सर्वानुमते” किंवा “बहुमताने” हे शब्द टिपणांत असतील तिथेच वापर. सूचक, अनुमोदक, रक्कम किंवा तारीख टिपणांत नसेल तिथे “[भरायचे]” असं लिही, अंदाज करू नकोस. टिपणांत नसलेला कोणताही निर्णय घालू नकोस. लांबी दोन पानांपर्यंत. शेवटी, जिथे टिपणं अस्पष्ट वाटली तिथले प्रश्न वेगळ्या यादीत दे. मांडणीसाठी खाली मागच्या सभेचा नमुना आहे. त्यातला मजकूर घेऊ नकोस, फक्त मांडणी घे.’

मग ‘टिपणं:’ असा मथळा देऊन टिपणं, आणि ‘नमुना:’ असा मथळा देऊन नमुना. मथळे विसरलात तर मागच्या वर्षीचा रंगकामाचा ठराव यंदाच्या सभेत येऊन बसतो.

सूचना मराठीत द्यावी की इंग्रजीत? ज्या भाषेत तुम्हाला नेमकं सांगता येतं त्या भाषेत. मोडक्या इंग्रजीपेक्षा स्पष्ट मराठी चांगली. बोली, इंग्रजी शब्द मिसळलेलं ऑफिसचं मराठीही चालतं. फक्त उत्तर कोणत्या भाषेत आणि लिपीत हवं ते सांगा.

५. उत्तर आलं की एका वेळी एकच दुरुस्ती सांगा

‘नीट कर’, ‘अजून चांगलं कर’ याने काही होत नाही. तो शब्द बदलतो, कधी बरोबर असलेलं वाक्यही बदलतो. जागा दाखवून सांगा: ‘तिसऱ्या विषयातलं दुसरं वाक्य काढ. बाकी मजकूर जसाच्या तसा ठेव.’ हे ‘बाकी जसाच्या तसा’ दर वेळी लिहायचं.

शंका आली तर ‘नक्की का?’ असं विचारू नका. हा सापळा फार जणांना अडकवतो. असं विचारलं की तो पुष्कळदा माफी मागतो आणि बरोबर उत्तरही फिरवतो. त्याऐवजी विचारा: ‘हे वाक्य टिपणांतल्या कोणत्या ओळीवरून घेतलंस? ती ओळ जशी आहे तशी दाखव.’ मग ती ओळ खरोखर तुमच्या कागदात आहे का ते स्वतः शोधा.

तीन फेऱ्यांत जमलं नाही तर थांबा. चॅट लांबत गेलं की सुरुवातीच्या अटी निसटू लागतात आणि टाकून दिलेले मसुदे परत डोकावतात. नवं चॅट उघडा, सुधारलेली सूचना पहिल्यापासून द्या. काम बदललं की चॅट तर बदलायचंच. सकाळी एका पुरवठादाराचं पत्र आणि दुपारी त्याच चॅटमध्ये दुसऱ्याचं, हा प्रकार टाळा. एकाची मुदत दुसऱ्याच्या पत्रात जाते.

६. तपासणी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पहिल्यांदा जे जास्तीचं आलंय ते शोधा. छापील मूळ कागद घ्या आणि उत्तरातलं प्रत्येक नाव, आकडा, तारीख मूळ कागदावर सापडली की तिथे टिक करा. ज्याला टिक मिळाली नाही ते एआयने घातलं आहे. मग उलट बघा: मूळ कागदावर टिकशिवाय काय उरलं? ते राहून गेलं आहे. दोन्ही दिशांनी बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

क्रमांकांसाठी अक्षरं मोजणं हा पहिला चाळणीचा उपाय. लांब क्रमांक एआय तुकड्यांत वाचतो, त्यामुळे एखादा आकडा गळणं किंवा दोनदा येणं घडतं.

• जीएसटी क्रमांक: १५ अक्षरं. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, तिसऱ्या ते बाराव्या जागी पॅन असतो.
• पॅन: १०.
• आयएफएससी: ११, पाचव्या जागी शून्य.
• ई-वे बिल: १२ अंक.
• कंटेनर नंबर: ४ अक्षरं आणि ७ अंक, शेवटचा अंक पडताळणीचा.
• पिनकोड: ६, मुंबईत ४०० ने सुरू.

लांबी जुळली म्हणजे क्रमांक बरोबर असं नव्हे, पण जुळली नाही तर नक्की चूक आहे. एक्सेलमध्ये ‘लेन’ (LEN) फॉर्म्युल्याने हजार ओळी क्षणात मोजता येतात. (यातले पॅन आणि बँकेचे तपशील चॅटमध्ये द्यायचे नाहीतच, हे कोष्टक तुमच्या स्वतःच्या फाइलमधल्या चुका पकडायलाही कामी येतं.) तक्ता एक्सेलमध्ये चिकटवण्याआधी क्रमांकांचे स्तंभ ‘टेक्स्ट’ करून ठेवा. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या नेमकी ठेवतो. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक तो शून्य करून टाकतो, आणि सुरुवातीचं शून्य तर खाऊनच टाकतो. दोष एआयला दिला जातो, चूक चिकटवण्यात असते.

आता नियम, कलमं आणि दर. इथे त्याच्यावर कणभरही विसंबू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या युगात अशा निकालांवर आंधळेपणाने विसंबू नये, वापरण्याआधी पडताळणी करावी, असं न्यायालयाने बजावलं. ऑफिसात याच चुकीची लहान रूपं रोज घडू शकतात:

नियम दुसऱ्याच कायद्याचा लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते. कंपनी कायद्यात ती २१ पूर्ण दिवसांची आहे. एआय एकाच्या जागी दुसरं सहज देतो. ‘पूर्ण दिवस’ मोजतानाही घोळ होतो. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. सभा २० सप्टेंबरला असेल तर नोटीस उशिरात उशिरा ५ सप्टेंबरला निघायला हवी. ही मोजणी कॅलेंडरवर बोट ठेवून करा, आणि तुमच्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत उघडून क्रमांक पडताळा.

जुना नियम लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन ५ आणि १८ राहिले. ज्या एआयची शिकवणी त्याआधी संपली तो जुने दर निर्धास्तपणे सांगतो. फसवणुकीच्या तक्रारीच्या मसुद्यात भारतीय दंड संहितेचं ४२० येतं, पण १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे आणि ते कलम आता ३१८ आहे. उपाय असा: नियम त्याच्याकडून मागूच नका. अधिकृत प्रतीतला उतारा तुम्ही आणून द्या आणि म्हणा, ‘या उताऱ्याच्या आधारेच लिही.’

७. आकडेमोड चॅटमध्ये नको, फॉर्म्युला मागा

चाळीस बिलांची बेरीज चॅटमध्ये मागितली तर कधी बरोबर येईल, कधी जवळपास येईल. जवळपासची बेरीज हिशेबात चुकीची बेरीजच. त्याच्याकडून एक्सेलचा फॉर्म्युला घ्या आणि बेरीज एक्सेलला करू द्या.

मेंटेनन्सच्या थकबाकीवर व्याज हवंय. सांगा: ‘बी स्तंभात रक्कम, सी मध्ये देय तारीख, डी मध्ये भरल्याची तारीख, एफ१ मध्ये वार्षिक व्याजदर. साधं व्याज, प्रत्यक्ष उशिराच्या दिवसांवर, वर्षाचे ३६५ दिवस धरून. वेळेत भरलं असेल तर शून्य. डी रिकामा असेल तर आजची तारीख धर. दोन दशांश.’ यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. ‘साधं’ लिहिलं नाही तर चक्रवाढ येऊ शकतं. ‘वेळेत भरलं तर शून्य’ लिहिलं नाही तर आगाऊ भरणाऱ्याला उणे व्याज लागतं. रिकाम्या डी बद्दल लिहिलं नाही तर एक्सेल रिकामा चौकोन शून्य धरतो आणि ज्याने अजून भरलंच नाही त्याचं व्याज शून्य दाखवतो.

मग एक ओळ हाताने करून बघा. ४,५०० रुपये, १८ टक्के, ४० दिवस उशीर: ४,५०० × ०.१८ × ४० ÷ ३६५ = ८८.७७ रुपये. फॉर्म्युला हेच दाखवतोय का? त्यासोबत वेळेत भरणारा, आगाऊ भरणारा आणि अजून न भरलेला अशी तीन उदाहरणं घालून बघा. चारही जुळली तरच पूर्ण यादीवर ओढा. दर किती लावायचा हा मात्र संस्थेच्या ठरावाचा प्रश्न आहे, एआयचा नाही.

रकमा लिहिताना ‘१२,५०,०००’ ऐवजी लाखाचे स्वल्पविराम सोडून हजारांचे येतात. ‘लाख-कोटी पद्धतीने लिही’ हे सूचनेतच घाला.

८. मराठी मसुदा मोठ्याने वाचा

एआयची मराठी व्याकरणात बरीचशी बरोबर असते, तरी ती हिंदीकडे झुकते, आणि झुकते तिथे अर्थ बदलतो. नोटिशीत ‘आपत्ती असल्यास कळवावे’ आलं तर सभासद पूर-भूकंप कळवायचे का, असं विचारतील. आपला शब्द ‘हरकत’. ‘नियमांत संशोधन’ म्हणजे आपल्याकडे रिसर्च, हवंय ‘दुरुस्ती’. ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ यांतला फरक तर पत्रव्यवहारात फार महागात पडतो. कार्यवाही म्हणजे पुढचं काम करणं, कारवाई म्हणजे बडगा. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला गटाराबद्दल पत्र लिहिताना ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ म्हणतात. ‘सुनिश्चित करा’ काढून ‘खात्री करा’, ‘जल आपूर्ती’ काढून ‘पाणीपुरवठा’, ‘प्रस्ताव पारित’ काढून ‘ठराव मंजूर’. सोसायटीत ‘सदस्य’पेक्षा ‘सभासद’ म्हणतात.

नावांचं आणखी वेगळं. इंग्रजी यादीवरून देवनागरी करायला दिलं की ‘ळ’ हरवतो: कांबळेंचे कांबले, दळवींचे दलवी, काळेंचे काले. गावाच्या नावांतही भायखळ्याचं बायकुला, वांद्र्याचं बांद्रा, परळचं परेल होतं. सभासदाला स्वतःचं आडनाव चुकलेलं दिसलं की त्या नोटिशीवरचा विश्वासच उडतो. नावांची यादी एकदा हाताने शुद्ध करून ठेवा आणि दर वेळी तीच वापरा. पायरी २ मधली उलट बदलण्याची पद्धत इथे आपोआप उपयोगी पडते.

एकाच पत्रात ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ मिसळलेले असतात, तेही बघा. सुधारणेचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे मंजूर झालेल्या जुन्या पत्राचा नमुना आणि दहा-बारा शब्दांची ‘हा शब्द नको, हा हवा’ अशी यादी सूचनेसोबत देणं. तरी शेवटी मोठ्याने वाचाच. जिथे जीभ अडते तिथे वाक्य दुसऱ्या भाषेतून आलेलं असतं.

९. जमलेली सूचना जपून ठेवा

काम पार पडलं की चॅटमधली अंतिम सूचना एका फाइलमध्ये ठेवा. एका कामाला एक पान. वर कामाचं नाव, खाली सूचना, त्याखाली तपासणीत सापडलेल्या चुका तारखेसह. ‘१२ जून: अनुमोदकाचं नाव स्वतः घातलं’ अशी नोंद झाली की पुढच्या वेळी ती अट सूचनेत जाते. दोन-तीन महिन्यांत पाच-सहा पक्की पानं तयार होतात, आणि तुम्ही रजेवर असाल तेव्हा शेजारच्या टेबलावरचा माणूसही ती वापरू शकतो. पानावर खरी नावं आणि आकडे ठेवू नका, फक्त मोकळ्या जागा.

मसुदा पुढे पाठवताना ‘एआयने मसुदा केला, आकडे व तारखा मूळ कागदाशी ताडल्या’ एवढी ओळ साहेबांना लिहा. काय तपासलं नाही तेही लिहा. सही करणाऱ्याला कुठे नजर टाकायची ते त्यातून कळतं.

पहिल्या आठवड्यासाठी एकच काम निवडा, शक्यतो दर आठवड्याला येणारं, चुकलं तरी बाहेर न जाणारं. मेलवरून आतल्या वापराचा तक्ता हे सुरुवातीला उत्तम. घड्याळ लावा: सूचना लिहायला किती, दुरुस्तीला किती, तपासायला किती. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही एकूण वेळ हाताने करण्याइतकाच लागत असेल तर ते काम त्याच्याकडून काढून घ्या आणि दुसरं निवडा.